मासुर

रविवारी रात्री साडेनऊला फोन आला,
तिकडं वेल्समध्ये अजून ऊन होतं.
"आजोबा, मी मासुर झालो!"
मला ऐकू आलं म्हैसूर.
पोटात थोडं हललं.
मी सहा वर्षांचा असताना
आम्हीही एका रात्रीत म्हैसूर झालो होतो.
निजलो एका राज्यात, उठलो दुसऱ्यात,
आणि आईनं भाकरी थापली रोजच्यासारखीच.

"म्हैसूर नव्हे हो बाबा, मासुर,"
रेणुका मागून म्हणाली, नाइट ड्युटीचे डोळे चोळत.
रग्बीतला दहा नंबर.
पोरं गोळा होऊन एकमेकांना रेटतात,
त्या रेट्यापासून जरा लांब उभा असतो तो.
आतला पोरगा चेंडू उकरून काढतो, ह्याच्याकडं टाकतो,
पुढं काय करायचं ते हा ठरवतो.
मास म्हणजे बाहेर. उर म्हणजे माणूस.
शाळेतच शिकवतात, तिथल्या भाषेत.

छत्तीस वर्षं कंग्राळीच्या शाळेत शिट्टी फुंकली मी,
आऊट म्हणून किती पोरं बसवली असतील,
शब्दाला कधी विचारलं नाही, तू कुठला.

सोमवारी मैदानावर ईरण्णाला सांगितलं.
ईरण्णा हुदलीचा, कबड्डीचा पंच.
दोरीचं ते टोक तो धरतो, हे मी,
मधे चुना पडत जातो.
"ऊर म्हंजे गाव की रे मास्तर,
मासूर कुठल्या तालुक्यात येतंय?"
मी म्हटलं, त्यांच्यात उर माणसाचा,
आमच्यात कर गावाला लागतो. होनगेकर, सांबरेकर.
तेव्हा नातू माझा झाला बाहेरकर.
घमेलं खाली ठेवून हसला तो,
चुना मिशीपर्यंत उडाला होता.

बुधवारी नातवाचा निरोप. एवढाच:
मास आधी शेत होतं, आजोबा.
शेताकडं, शेताकडं म्हणता म्हणता
जिभेनं शेत झिजवलं, बाहेर तेवढं उरलं.

दुपारभर मी त्याच शब्दापाशी.
कुणीतरी दारात येऊन विचारत असणार,
धनी हाईत का घरात?
आतनं बाई सांगत असणार, शेताकडं.
पुन्हा उद्या, पुन्हा शेताकडं,
शंभर वर्षं, दोनशे वर्षं,
आणि धनी मात्र कधी घरात सापडत नसणार.

मग आमचं शिवार आठवलं.
ते निघालं शिवेतनं.
तिकडं शेतातनं बाहेर निघालं,
इकडं शिवेतनं शेत.
माझ्या सव्वा एकराचा उतारा कन्नडात येतो,
ईरण्णा वाचून दाखवतो, माझाच चष्मा लावून.
त्याचं होल म्हणजे शेत, होरगं म्हणजे बाहेर.
कानाला सख्खे वाटतात.
नातं आहे की नुसता शेजार, त्यालाही ठाऊक नाही.
"होलक्क होगू, होरगं होगू,
सकाळी टमरेल उचललं की दोन्ही एकच," म्हणाला.
त्याच्या व्युत्पत्तीला मी हरकत घेतली नाही.

पुढच्या रविवारी नातवानं उलटं विचारलं:
"तुमचा बाहेर कुठून आला?"
"बाहेरूनच आला असणार," मी म्हटलं.
वाटलं हसेल.
तो थांबला होता,
लांबुळका चेंडू काखेत धरून,
गुडघ्यावर वाळलेला चिखल,
खरं उत्तर येईल म्हणून.
छत्तीस वर्षांत असं थांबलेलं पोर
मी तीनदा पाहिलं असेल, चारदा.
तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली,
नाव आमचं, हेल तिकडचा.
फोन खुर्चीवर. छत दिसलं, पंखा नसलेलं.

रेणुकानं फोन उचलला, दुसऱ्या हातात कांदा.
मी विचारलं, कुठं गेला गं?
मागं न बघता म्हणाली,
"मास."